तिसरं प्रकरण आणि आपांच्या टाचण्या

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापलेलं असतं. मुरुडला मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, त्या बाईंनी आपल्या बाटलीवर त्याच्यापुढे लाल पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'झाकण लावून'. मी हसलो. त्या म्हणाल्या, "हसतोस काय? लिहिलंय तेवढंच करून बघ एकदा. मग भिंत पुसायला मीच येते."

लिहिलंय तेवढंच करायचं, हा त्यांचा एकुलता एक छंद होता आणि त्यापायी त्यांनी सगळ्या मोहल्ल्याला हैराण केलं होतं. नव्या मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तिकेत 'बटण दाबा' आधी आणि 'झाकण घट्ट बसवा' नंतर छापलं होतं, म्हणून तो मिक्सर पंधरा दिवस खोक्यातच राहिला आणि चटणी पाट्यावर वाटली गेली. शेजारच्या लग्नाच्या पत्रिकेत पत्ता 'मशिदीजवळ' एवढाच होता. आपा मशिदीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, आणि न्यायला माणूस आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "जवळ म्हणजे कुठल्या बाजूला, ते लिहायला शाई संपली होती काय?" ते घर त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं.

सगळे त्यांना आपा म्हणत, म्हणून मीही. आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा जहाजावर होता, तो वारला. मुलगा बहरीनला. घरात वाडीकडच्या खिडकीशी एक शिलाई मशीन, आणि मुलाने मागे ठेवलेला एक जुना संगणक. त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलेलं असे. अंगाने उंच, चष्म्याला काळा दोरा, डोक्यावर ओढणी आणि गळ्यात मापाची टेप. ती टेप त्या ईदच्या दिवशीही उतरवत नसत.

कुवेतला असलेल्या एका भाचीला त्यांनी सांदणं कशी करायची ते लिहून पाठवलं होतं. चार पानं. पहिली पायरी, हात धुवा. दुसरी पायरी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. भाचीचा फोन आला तेव्हा मी खाली पाणी भरत होतो. ती कौतुकाने सांगत होती, की सांदणं अगदी कापसासारखी झाली. आपांनी तिकडे लक्षच दिलं नाही. विचारलं, "अडलीस कुठं?" ती म्हणाली, कुठंच नाही. "खोटं बोलू नको. कुठंतरी थांबली असशील." शेवटी पोरीने कबूल केलं, की गूळ किती बारीक चिरायचा ते कळेना म्हणून ती जरा थांबली होती. आपांचा चेहरा उजळला. "जमलं का विचारलं, की सगळ्या हो म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "कुठं अडलीस ते विचारायचं असतं."

आता माझं. मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहितो. हे काम पोटापाण्याचं आहे, मिरवण्याचं नाही. त्या वर्षी एका संस्थेने जिल्ह्यातल्या अकरा शिवणवर्गांना जुने, दुरुस्त केलेले संगणक दिले होते आणि त्यांच्यासाठी एक फुकट प्रोग्राम निवडला होता. माणसाची मापं घातली, की कुडत्याचा, ब्लाउजचा, शाळेच्या गणवेशाचा कागदी खाका तो काढून देई. अडचण अशी, की त्या जुन्या यंत्रांसाठी हा प्रोग्राम तयार मिळत नव्हता. तो ज्या त्या संगणकावर जागच्या जागी तयार करून घ्यावा लागे. आमच्या भाषेत बिल्ड करणं. रेडीमेड झबलं आणणं आणि कापड आणून घरी शिवणं यात जो फरक, तोच. हे कसं करायचं, ते पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात होतं आणि ते प्रकरण मी लिहिलं होतं.

अकरापैकी एकाही वर्गात ते जमलं नाही. बायकांचे फोन येत आणि मी प्रत्येकीला सांगे, की पुस्तिका नीट वाचा, माझ्याकडे चालतंय. दोन महिने गेल्यावर संस्थेने पत्र काढलं. महिनाअखेरपासून त्यांचा माणूस टेम्पो घेऊन एकेका वर्गाला भेट देणार. जिथे प्रोग्राम पडद्यावर चालू दिसेल तिथे संगणक राहील, नसेल तिथला उचलून यादीतल्या पुढच्या वर्गाला दिला जाईल. पहिली भेट बोर्ली पंचतनला होती. तिथला वर्ग आपांची एक जुनी विद्यार्थिनी चालवत होती. आसपासच्या खेड्यांतल्या मुली तिच्याकडे येत, आणि यंदा दोन शाळांच्या गणवेशांचं काम तिने या संगणकाच्या भरवशावर अंगावर घेतलं होतं.

तिचाच फोन एकदा मी जिन्यात उभा राहून घेत होतो. झाल्यावर आपा खालून म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात काहीतरी राहिलंय."

"आपा, माझ्याकडे व्यवस्थित चालतं."

"तुझ्याकडे चालणारच. निम्मं पुस्तक तुझ्या डोक्यात हाय. ते तू छापायला दिलंस का?"

शाळेत त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक मुलीने कुडता कसा बेतायचा ते वहीत लिहायचं आणि वह्यांची अदलाबदल करायची. मग जिच्या हातात जी वही येईल तिने त्याबरहुकूम वर्तमानपत्राचा कागद कापायचा, आणि लिहिणारीने मागे तोंडावर हात ठेवून बसायचं. एका हुशार मुलीने माया लिहिलीच नाही. माया म्हणजे शिवणीत आत जायला सोडतात ते जास्तीचं कापड. तिचा हात ती आपोआप सोडत असे, म्हणून लिहायचं सुचलं नाही. त्या वहीवरून बेतलेला कुडता बाहुलीच्याही डोक्यावरून उतरेना. "हुशार मुलींच्या वह्या सगळ्यात वाईट," असं आपांचं मत होतं आणि ते सांगताना त्या माझ्याकडे बघत.

मला त्यांनी तसंच बसवलं. क्रोशाचं झाकण निघालं. तिसरं प्रकरण छापून घेतलं. नियम असा, की त्या वाचतील तसं करतील आणि मी गप्प बसायचं. मी तोंड उघडलं, की ज्या ओळीवर उघडलं त्या ओळीत टाचणी.

"'टर्मिनल उघडा,'" त्यांनी वाचलं. मग पडद्याकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं गेली. वाडीत झावळी पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "अहो आपा, ती काळी चौकट..."

टाचणी.

"'योग्य ती आवृत्ती निवडा.' योग्य कुठली? मला विचारतोस? मी शिवणबाई." टाचणी.

"'काम पूर्ण झाल्यावर पुढची आज्ञा द्या.' पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? बाही जोडून झाली की दिसते. हे थांबलंय की मेलंय?" टाचणी.

"'आवश्यकता वाटल्यास संगणक पुन्हा सुरू करा.' कुणाला वाटल्यास?"

तासाभराने त्या अडीच पानांत सतरा टाचण्या होत्या आणि कागद हातात धरवत नव्हता. मी खवळून म्हणालो, की इतकं बारीक कुणी वाचत नसतं. आपा म्हणाल्या, "म्हणूनच तुझ्याकडे दोन महिने फोन येतायत." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता. माझ्या कामाची परीक्षा घ्यायला ही बाई कोण? रात्री वर जाऊन मी प्रकरण पुन्हा वाचलं आणि सतराच्या सतरा टाचण्या बरोबर जागी होत्या.

मग तोच दिनक्रम झाला. मी दुरुस्त करायचं, संगणक पेन ड्राइव्हवरून पार कोरा करायचा, आणि आपांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायचं. कोरा करण्याबद्दल त्या फार कडक होत्या. काल शिवलेल्यावर आज टाके घातले तर नवीन काय कळणार, असं म्हणत. टाचण्या सतराच्या नऊ झाल्या, नवाच्या चार. एक दिवस असा आला, की आपांनी चहाचा कप बाजूला ठेवून सगळं प्रकरण वाचत वाचत पार केलं, पडद्यावर प्रोग्राम उघडला आणि मी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आता तरी म्हणतील काहीतरी. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात चाललं. परक्या घरात चालतं का बघायला हवं." लगेच बोर्लीला फोन लावून विद्यार्थिनीला बजावलं, की आम्ही येतो, तोवर मशीनला हात लावू नको.

निघालो तो नेमका महिनाअखेरचा दिवस होता. संस्थेचा माणूस पाचला येणार होता. आम्ही सकाळीच आगरदांड्याला पोचलो, दिघीची बोट लागलेली होती. पण जेट्टीवर लाइफ जॅकेट कसं घालायचं याची चित्रं कुणीतरी लावून ठेवली होती. आपांनी एक जॅकेट मागून घेतलं आणि चित्राबरहुकूम घालायला सुरुवात केली. तिसऱ्या चित्रात पट्टा कुठून घ्यायचा ते दिसत नव्हतं. मी हाका मारतोय, खलाशी हाका मारतोय, आणि आपा अर्ध्या जॅकेटात उभ्या. "तिसरं चित्र चुकलंय. बुडणारा माणूस इथंच अडेल." बोट गेली. पुढची थेट दुपारची होती. आम्ही जेट्टीवर बसून राहिलो, मी सारखं घड्याळ बघत.

बोर्लीला पोचायला दोन वाजले. विद्यार्थिनी दारातच उभी होती. पस्तिशीची, सडसडीत, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच. "किती उशीर ओ आपा! मी सकाळपासनं वाट बगतंय." मुलींना तिने सुट्टी दिली होती. ती संगणकापुढे बसली, आपा आणि मी मागे बाकावर. तिने पहिली ओळ वाचली आणि कामाला लागली.

चौथ्या पायरीला संगणक थांबला. अमुक एक भाग सापडला नाही, असं लाल अक्षरात आलं. तिने ओळ पुन्हा वाचली. पुन्हा केली. पुन्हा लाल. मला कारण तेव्हाच कळलं होतं. तो एक लहानसा भाग प्रोग्राम आपला आपण इंटरनेटवरून आणतो. मुरुडला माझं वाय-फाय घरभर चोवीस तास चालू, त्यामुळे नेट जोडलेलं हवं हे लिहायचं मला कधी सुचलंच नाही, आणि आपांना तिथे अडायचं कारणच नव्हतं. इथे नेट मोबाइलचं, आणि ती ते लागेल तेवढंच चालू करी. मी आपांकडे बघितलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्या बाईच्या मानेवरून घामाचा ओघळ येत होता. मला बघवेना.

"मोबाइलचं नेट जोडा त्याला," मी म्हणालो.

तिने जोडलं. वीस मिनिटांत प्रोग्राम पडद्यावर उघडला. सव्वातीन झाले होते. तिने दोन्ही हात कपाळाला लावले आणि हसत वळली. "झालं की ओ!"

मी पुस्तिकेत पहिल्याच ओळीत लिहिलं, 'सुरुवातीला इंटरनेट जोडा'. आपांनी ते वाचलं, आणि विद्यार्थिनीला म्हणाल्या, "आता पुसून टाक."

"काय पुसू?"

"मशीन. कोरं कर. या नव्या ओळीवरून पुन्हा कर."

मी ओरडलोच. पाचला माणूस येतोय, चालू आहे ते चालू राहू द्या, उद्या काय ते तपासू. आपा शांतपणे म्हणाल्या, "हे पुस्तकानं चालू केलेलं न्हाय. तू चालू केलंस. पुढच्या आठवड्यात दहा गावांत तो माणूस जाणार हाय. तिथं बाकावर कोण बसणार? तू?"

विद्यार्थिनी एकदा माझ्याकडे, एकदा आपांकडे बघत होती. तिच्या डोक्यावर दोन शाळांच्या गणवेशांचं काम होतं. "आपा, वेळ पुरंल?"

"सांगता येत न्हाय," आपा म्हणाल्या.

तिने पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन पुसलं. का पुसलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. वर्गात ज्यांचं ऐकलेलं असतं त्यांचं पुढेही ऐकलं जातं, एवढंच म्हणतो.

दुसऱ्या खेपेला सहाव्या पायरीला पुन्हा लाल अक्षरं आली. 'सुरुवातीला' असं मी लिहिलं होतं म्हणून तिने सुरुवातीला नेट जोडलं आणि चौथी पायरी पार पडल्यावर काटकसरीने बंद केलं. सहाव्या पायरीला ते पुन्हा लागत होतं. पहिल्या वेळी ते नुसतं बंद करायचं राहून गेलं होतं, म्हणून निभावलं. आपांचं बरोबर निघालं. मी ओळ बदलली, 'सगळं संपेपर्यंत इंटरनेट जोडलेलं ठेवा', आणि मशीन तिसऱ्यांदा कोरं केलं. पाच वाजायला सात मिनिटं असताना टेम्पो दारात येऊन थांबला, तेव्हा आम्ही पाचव्या पायरीवर होतो.

माणूस वाईट नव्हता. त्याने पडद्यावर सरकणाऱ्या अक्षरांकडे बघितलं आणि म्हणाला, "चालू दिसत नाही, बाई." मी त्याला सांगितलं, की सव्वातीनला चालू होतं, पंधरा मिनिटं थांबा. त्याने आपांना विचारलं, "खरं का हो?"

"होतं," आपा म्हणाल्या. "मीच पुसायला लावलं."

त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. थांबायला त्याला सवड नव्हती, टेम्पोला अंधाराआधी माणगाव गाठायचं होतं. त्याने वायरी काढल्या, गुंडाळल्या, सही घेतली. विद्यार्थिनीने सही केली आणि मशीनवरची धूळ पुसायचं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

परतीच्या बोटीत मी आपांना नको ते बोललो. तुमच्या हट्टापायी एका बाईचा धंदा बसला, असं बोललो. आगरदांड्याचा किनारा जवळ आला तेव्हा त्या म्हणाल्या, "नुकसान केलं मी तिचं."

"मग पुसायला का लावलंत?"

"नसतं लावलं तर दहाजणींचं केलं असतं. त्या माझ्या कुणी न्हायत, म्हणून चाललं असतं काय?"

दुरुस्त प्रकरण त्याच दिवशी बाकीच्या वर्गांना गेलं. पुढच्या आठवड्यात दहाच्या दहा संगणक जागेवर राहिले. पुस्तिकेवर मी आपांच्या सांगण्यावरून त्यांचा नंबर घातला होता, 'अडलात तर कळवा'. बायकांचे फोन येऊ लागले, पण अडल्याचे नव्हे, झाल्याचे. आपा प्रत्येकीला म्हणत, "मला काय सांगतेस? बोर्लीला फोन कर. तिचं मशीन गेलं म्हणून तुझं चाललं, हे तिला सांग." मला हे जखमेवर मीठ चोळण्यासारखं वाटे आणि मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः त्या रोज सकाळी बोर्लीला फोन लावत. पलीकडे नुसती रिंग वाजत राही. गणवेशांचे खाके ती हाताने काढतेय, रविवारीही बसतेय, एवढं इतरांकडून कळलं. आपांनी शिलाई मशीनवर बसणं कमी केलं होतं. औषधाच्या बाटल्याही नुसत्याच पडून असत, लाल पेन्सिल लागलेली नसे. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

भातकापण्या आटोपल्या आणि एका सकाळी त्यांचा फोन वाजला. हात कापडात असल्यामुळे त्या नेहमी स्पीकर लावूनच बोलत. मी शेजारीच होतो.

"आपा, सातव्या पायरीला दोघी अडल्या," पलीकडून बोर्लीची विद्यार्थिनी म्हणाली. सलाम नाही, दुवा नाही. "एक माणगावची, एक श्रीवर्धनची, दोघीबी नव्या यादीतल्या. 'खिडकी बंद करा' लिवलंय, तर दोघींनी हायेत त्या सगळ्या बंद केल्या. कुठली खिडकी, ते घाला त्यात. बायका आता मलाच इचारतात."

आपांनी पेन्सिल शोधली. लिहून घेतलं. "आणखी?"

"आनखी न्हाय." मागे तिच्या शिलाई मशीनच्या पायट्याचं खटखट चालू होतं. "संस्थेकडं पुन्ना अर्ज टाकलाय. ह्या महिन्यात मशीन देतंव म्हनतात. आलं तर तुमी येनार?"

"तू बोलावलंस तर येईन."

"आनि चालू झालं की पुन्ना पुसाया लावनार?"

मी आपांना हाताने खुणावलं, की नाही म्हणा. एवढं एकच 'नाही' म्हणायला काय जातंय तुमचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लावीन."

पलीकडचं खटखट थांबलं.

"मग सकाळच्या पयल्या बोटीनं या," ती म्हणाली. "दोनदा करायचं म्हंजे दिवस पुरला पायजे."